पाठीमागची जागा

माघ अर्ध्यावर आला की हिंगोलीच्या हवेला हळदीचा वास लागतो. दळलेल्या हळदीचा नव्हे, शिजणाऱ्या हळदीचा. रानातून काढलेली ओली हळद लोखंडी पिंपांत वाफेवर शिजते आणि तो मातकट, धुरकट, जरा कडवट वास वाऱ्याबरोबर गावाच्या कडेच्या वस्त्यांत शिरतो. बदली होऊन आलेले लोक पहिल्या वर्षी खिडक्या उघडून उभे राहतात. 'किती मंगल वाटतं हो,' शेजारच्या बँकवाल्या बाई यंदा मला म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि माझी खिडकी लावून घेतली.

हळदीबद्दल वाईट बोलायची इथं सोय नाही. सोयाबीन हातचं गेलं तरी हळद तारते म्हणतात. जखमेवर हळद, दुधात हळद, नवरीच्या अंगाला हळद. एवढ्या गुणी वस्तूला नाक मुरडणारी बाई म्हणजे एक तर आजारी, नाहीतर आगाऊ. मी दुसऱ्या प्रकारात मोडते, असं माझ्या सासरच्यांचं मत आहे. तरी खरं ते सांगते. सहा वर्षं झाली, मला हा हंगाम सोसत नाही. हा वास आला की मला एका मुलीची पाठ आठवते. चेहरा नंतर आठवतो. आधी पाठ, निळ्या ओढणीखाली फळीसारखी ताठ झालेली.

मी समुपदेशक आहे. एका ट्रस्टच्या दवाखान्यात मागच्या अंगाला, जिथं पूर्वी सलाइनची खोकी रचून ठेवत, त्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी बसते. दारावर मानसिक आरोग्याची एक लांबलचक पाटी आहे, ती कोणी वाचत नाही. 'वेड्याच्या मॅडम कुठं बसतेत?' असं विचारत लोक येतात आणि औषधाच्या खिडकीवरचा माणूस बोट दाखवतो. सुरुवातीला मला याचा संताप यायचा. आता वाटतं, निदान पत्ता तरी बरोबर सांगतो.

येणारी बरीच माणसं लहानपण सोबत घेऊन येतात. तसं सांगत मात्र कोणीच नाही. डोकं ठणकतं, झोप लागत नाही, घास गोड लागत नाही, असं सांगतात. आम्ही तेवढ्यावर सुरुवात करतो. कळमनुरीकडचा एक मेंढपाळ यायचा, चाळिशीचा, अंगानं दणकट. त्याला घरात झोप यायची नाही, थंडीतही अंगणात पडायचा. लहानपणी मेंढरू हरवलं की बाप त्याला कुत्र्याशेजारी दाव्यानं बांधून ठेवायचा, हे त्यानं मला आठव्या भेटीत सांगितलं, तेही हसत. 'बाप जरा कडक व्हता,' एवढंच वर जोडलं. दीड वर्षानं तो घरात झोपायला लागला, आणि पाठोपाठ त्याची बायको तक्रार घेऊन हजर.

'मॅडम, तुमच्याकडं येऊन राहिला तवापासून सासऱ्याला उलटं बोलतो. सणाला पाया पडला न्हाई.'

मी तिला चहा पाजला आणि तोंड गंभीर ठेवलं. मनातून मला नाचावंसं वाटत होतं. आमच्या धंद्यातली ही एक गोष्ट मी पुस्तकात नाही, इथं शिकले. माणूस बरा व्हायला लागला की घरचे नाराज होतात. इतकी वर्षं जे मुकाट गिळलं ते तो आता गिळत नाही, आणि घराला त्याच्या गिळण्याची सवय झालेली असते. घरून तक्रार आली की समजावं, औषध लागू पडलं. तक्रारच नसेल, सगळे हात जोडून आभार मानत असतील, तर कुठंतरी पाणी मुरतंय. हे मी आता मोठ्या तोऱ्यात सांगते. त्या मुलीच्या वेळी मला ते सुचलं नाही.

आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही. आई, दीर, भाऊजी, शेजारीण, कोणीतरी असतंच. घरच्यांना विश्वासात घ्यावं म्हणून मी पहिल्या काही भेटींत सोबतच्या माणसालाही आत बोलवायचे. खोलीत खुर्च्या दोनच. एक माझी, एक पेशंटची, आणि पेशंटच्या खुर्चीची पाठ दाराकडे. मग सोबतच्या माणसानं उभं कुठं राहायचं? पेशंटच्या मागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. वर्षानुवर्षं मी अशीच माणसं बघितली. समोर एक बसलेला चेहरा आणि त्याच्या वर एक उभा चेहरा. मला ते दृश्य फार आवडायचं. पाठीशी घरचं माणूस आहे, असं वाटायचं.

अश्विनी आली ती पौषात. नाव मी बदललेलं आहे, बाकी काही बदललेलं नाही. बावीस वर्षांची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. हिवाळी परीक्षेत दोन पेपरांना अर्ध्यातून उठून आली होती, म्हणून कागदावर 'परीक्षेत चक्कर' असं लिहिलेलं. सोबत मामा आले होते. दिगंबर मामा. स्वच्छ सदरा, मऊ बोलणं, बसा म्हटल्याशिवाय दाराच्या आत पाऊल न टाकणारा माणूस. सेनगाव तालुक्यात अश्विनीच्या गावापासून दोन कोसांवर त्यांचं गाव, रानात हळद. अश्विनीचे आईवडील पूर्वी ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की गाव सोडायचे ते पाडव्यालाच परत. पहिलीपासून सहावीपर्यंत दरवर्षी तेवढे महिने पोरगी मामाकडे राहिली.

'सोताच्या लेकरावानी संभाळली, मॅडम,' मामा म्हणाले. 'तीसपर्यंत पाढे तोंडपाठ हायेत तिला. अश्विनी, मॅडमला एकोणतीसचा म्हणून दाखव.'

तिनं म्हणून दाखवला. एका दमात, न अडखळता, माझ्या टेबलाच्या कडेकडे बघत. मामा खुर्चीच्या मागे उभे राहून मान डोलवत होते. मी टाळी वाजवली. एवढ्यावरही थांबले नाही. म्हणाले, 'असा मामा मिळायला भाग्य लागतं, अश्विनी.'

माझ्या तोंडून आजवर पुष्कळ मूर्खपणाची वाक्यं गेली असतील. त्यातलं हे एक अजून माझ्या कानात बसलेलं आहे.

तीन मंगळवार ती मामाबरोबर आली. व्हय, न्हाई, बरं हाय, यापलीकडे बोलली नाही. मी प्रश्न तिला विचारायचे आणि उत्तर वरून यायचं. अभ्यास लई करते. जेवत न्हाई बराबर. लग्न जमलंय, डोंगरकड्याचं स्थळ हाय, पोरगा सरळ हाय, फाल्गुनातली तिथी धरलीय. 'तवर तेवढी चक्कर थांबवा, मॅडम. मांडवात पडली बिडली तर लोक नाव ठेवतील.' एकदा जाताना त्यांनी माझ्या टेबलावर हळकुंडांची पिशवी ठेवली. घरची हाय, म्हणाले. मी ती घेतली, आणि वर्षभर आमच्या भाजीत ती हळद पडली.

चौथ्या मंगळवारी अश्विनी एकटी आली. मामांची हळद शिजायला लागली होती, ते काम टाकून त्यांना निघता आलं नव्हतं. ती एस.टी.नं आली होती. खिडकी उघडी होती आणि बाहेरून तोच वास येत होता. ती दारात थांबली, खिडकीकडे बघितलं, मग आत येऊन तिनं खुर्ची उचलली, भिंतीला नेऊन लावली आणि बसली. पाठ भिंतीला टेकल्यावर तिनं जो श्वास सोडला तो मला टेबलाच्या या बाजूला ऐकू आला.

'मॅडम,' ती म्हणाली, 'तुमी त्याला माज्या मागं उभं करून राहिल्या.'

मी म्हणाले, 'कोणाला?' इतकी मी हुशार.

मग ती तासभर बोलली. दिवेलागणीला ओट्यावर अभ्यासाला बसायचं. मामा मागे येऊन उभा राहायचा, हातात बैलाचा कासरा, दुहेरी केलेला. पाढा चुकला की पाठीत. एवढंच असतं तर पाढे पाठ करून सुटले असते, असं ती म्हणाली. पण कधी न चुकताही बसायचा. आणि कधी बराच वेळ काहीच नाही, तो नुसता उभा. वळून बघायचं नाही, हा नियम. वळली तर दोन जास्त. हळदीच्या दिवसांत अंगणात पिंपं शिजत असायची, मजूर बाया ये-जा करायच्या, आणि त्यातली एखादी म्हणायची, दिगंबरभाऊ, पोरगी हुशार केली बघा तुमी. मामा हसायचा. ते हसू नक्की किती अंतरावरून आलं, याच्यावरून ती अंदाज बांधायची.

'मारलेलं एवढं दुखत नव्हतं, मॅडम. तो मागं हाय का गेला, तेच कळायचं न्हाई.'

परीक्षेच्या हॉलमध्ये देखरेखीचे सर फिरत फिरत मागे येऊन थांबले की समोरची अक्षरं पुसली जायची. पुढे काय होतंय ते तिला समजायचं नाही. दोन्ही पेपरांना ती बाहेर व्हरांड्यात सापडली होती.

मी तिला म्हणाले, आपण हे सगळं हळूहळू बरं करू. तिनं मान हलवली. 'परीक्षेचं न्हाई झालं तरी चालंल. लग्नात नवरीच्या मागं मामा उभा राहतो, खांद्यावर हात ठेवून, मंगलाष्टकं संपेपर्यंत. तेवढं होऊ देऊ नका. बाकीचं माजं मी बघते.'

एवढी एकच गोष्ट तिनं मागितली.

मी बौद्ध घरातली. आमच्या लग्नात अंतरपाट नसतो, मंगलाष्टकं नसतात. पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, एकमेकांना हार घातले की जेवायला चला. बाकीच्यांच्या लग्नांना मी जन्मभर जात आले आहे. अक्षता टाकल्या, बुंदी खाल्ली, साड्यांना नावं ठेवली. नवरीच्या मागे कोणी उभं असतं, हे मी बघितलं होतं, पण डोक्यात शिरलेलं नव्हतं. आणि ज्यांच्या शिरतं त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. बहिणीची लेक आणि तिच्या पाठीशी भाऊ. मायेचा याहून मोठा पुरावा आपल्याकडे नाही. पाठ्यपुस्तकातला मामासुद्धा नेहमी लाडच करतो.

त्याच शुक्रवारी मी खोलीत तिसरी खुर्ची आणली. पेशंटची खुर्ची भिंतीला लावली, दार त्याला समोर दिसेल अशी. कित्येक वर्षांत न सुचलेली ही अक्कल मला एका बावीस वर्षांच्या मुलीनं दिली. त्या वर्षांत त्या खुर्चीवर बसून किती जण गप्प राहिले असतील, आणि मी त्यांच्या कागदावर 'फारसं बोलत नाही' असं किती वेळा लिहिलं असेल, याचा विचार मी मुद्दाम करत नाही.

अश्विनीला विचारून मी तिच्या आईला बोलावून घेतलं. कोयत्यानं बोटं वाकडी झालेली, हाडकुळी बाई, पदर डोक्यावरून न हलणारी. तिला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि हे खोटं आहे असं एकदाही म्हणाली नाही.

'मारलं असंल,' ती म्हणाली. 'मला बी माज्या बापानं मारलं. त्याच्याबिगर लेकरू शिकतं का?'

'लग्नात मामाऐवजी चुलते मागे उभे राहिले तर?'

'काहून?'

'तिला तकलीफ होते, बाई. तो मागे उभा राहिला की तिला काही सुधरत नाही.'

'मॅडम, मला एकच भाऊ हाय,' ती म्हणाली. 'आमी फडावर होतो तवा तिच्या तापाला, खोकल्याला तोच होता. आता त्याला मांडवात बाजूला बसवू? लोकाला काय सांगू? मारलं म्हणून? कोणाच्या मामानं मारलं न्हाई? लोक काय म्हणतील? आपलेच दात, आपलेच ओठ. आन् माजं माहेर तुटंल ते कोण जोडून देणार, तुमी?'

मी आणखी काही बोलणार होते. काय बोलायचं ते तयार होतं. तेवढ्यात तिनं पदर सारखा केला आणि अगदी शांतपणे म्हणाली, 'तुमच्यात मामा लागत नसंल, मॅडम. आमच्यात लागतो.'

त्या वाक्यात शिवी नव्हती. तिच्या मनातही कदाचित काही नसेल, जे दिसतं ते ती बोलली असेल. पण 'तुमच्यात' आणि 'आमच्यात' हे दोन शब्द आमच्या गावांत कुठपर्यंत जाऊन पोचतात ते मला शाळेतल्या पाण्याच्या माठापासून ठाऊक आहे. मी अजून एक शब्द बोलले असते तर उद्या चार गावांत झालं असतं की दवाखान्यातली मॅडम आमच्या रीती मोडायला निघाली. मला राग आला. लाजही वाटली. पण सगळ्यात खाली होती ती भीती, आणि तिनंच माझ्या तोंडून 'बरं, बघू' असं वदवलं. ज्याला हो म्हणायचं नाही आणि नाही म्हणायची छाती नाही, तो बघू म्हणतो.

मामाला हलवणं माझ्याच्यानं झालं नाही, तेव्हा मी मुलीला घडवायला घेतलं. त्या वेळी मला हे असं दिसत नव्हतं. मला वाटत होतं मी उपचार करते आहे. उपचार म्हणून त्यात काही चूकही नव्हती, सगळं शिकवल्याप्रमाणे. खुर्ची खोलीच्या मधोमध. आधी मी दारापाशी उभी राहायचे, तिला दिसत नाही अशी, आणि बोलत राहायचे. पुढच्या वेळी दोन पावलं जवळ. पाय जमिनीवर घट्ट दाब. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मनात घे. कॅलेंडर, पंखा, पाण्याची बाटली, खिळा, माझी पर्स. श्वास सोडताना मोज. ती सगळं करायची. तिच्यासारखी शिकाऊ मुलगी मला पुन्हा मिळाली नाही. सांगितलेलं पाळायची तिला चांगलीच सवय होती, आणि ती कुणी लावली होती हे मला माहीत होतं, तरीही मी खूश होत राहिले.

मधल्या एका मंगळवारी तिनं विचारलं, 'मॅडम, आईला बोलल्या का तुमी?'

'बोलले.'

'मग?'

'बघू. आपण आपली तयारी करत राहू.'

तिनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एखादा क्षण. मग खुर्ची स्वतःच उचलून मधोमध आणून ठेवली. त्या दिवशी तिला सगळं कळलं होतं, आणि तिला कळलं आहे हे मला कळलं होतं. तरी आम्ही दोघींनी तो तास पुरा केला.

शेवटच्या मंगळवारी मी मागून येऊन तिच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले. ती हलली नाही. मी शंभरापर्यंत मोजलं. पाठ ताठ होती, पण हलली नाही. मला इतका आनंद झाला की मी डब्यातला पेढा काढून तिच्या हातावर ठेवला. मामा बाहेर बाकावर बसले होते. हळद शिजवून, वाळत घालून मोकळे झाले होते. त्यांनी विचारलं, 'कसं काय, मॅडम?' दारात उभी राहून, त्या माणसाच्या डोळ्यांत बघून मी म्हणाले, 'चांगली प्रगती आहे.' त्यांना बाजूला घेऊन चार शब्द सुनवायला मला तेव्हा कोणी अडवलं नव्हतं. बाकावर दुसरं कोणी नव्हतंही.

लग्नाला मी गेले. जायला नको होतं, पण आमंत्रण द्यायला अश्विनीची आई स्वतः आली होती. हिंगोलीहून बस नरसीला थांबली, नामदेवाला आलेले लोक उतरले, गाडी अर्धी रिकामी झाली. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना वावरांत हळद वाळत पडलेली. दुपारचा मुहूर्त होता. मांडवात मी बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसले. अश्विनी पिवळ्या साडीत आली, मामाचा हात धरून. अंतरपाट धरला. मामा तिच्या मागे उभा राहिला आणि त्यानं तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

भटजींना घाई नव्हती. एकेक मंगलाष्टक लांबवत होते, प्रत्येक वेळी सगळ्यांबरोबर माझाही हात वर जाऊन अक्षता टाकून खाली येत होता. मी तिच्याकडे बघत होते. तिची नजर समोर होती, आणि ओठ अगदी किंचित हलत होते. शेजारची बाई म्हणाली, 'देवाचं नाव घेऊन राहिली. गुणाची हाय पोरगी.' मला माहीत होतं ती काय म्हणते आहे. अंतरपाट. लाऊडस्पीकर. बांबू. झालर. कळशी. मग पुन्हा पहिल्यापासून. मी शिकवलं होतं तसंच. मामाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते खरं पाणी होतं. मला आजही त्याचं ते रडणं खोटं म्हणता येत नाही, आणि त्याबद्दल त्याचा जास्त राग येतो.

जेवणाच्या पंगतीत आईनं माझे दोन्ही हात धरले. 'तुमचे लई उपकार झाले, मॅडम. लेकरू जागचं हललं न्हाई. तुमच्यामुळं सगळं नीट पार पडलं.' तिची तक्रार काहीच नव्हती.

आहेर द्यायला मी स्टेजवर गेले. फोटोवाल्यानं आम्हाला जवळ उभं केलं. कॅमेऱ्याकडे बघत, हसू तसंच ठेवून अश्विनी हळूच म्हणाली, 'मी हलले न्हाई, मॅडम. बघितलं ना?'

तो टोमणा होता की पास झालेल्या मुलीनं गुरुजींना दाखवावा तसा निकाल होता, हे मी पुष्कळदा ठरवायचा प्रयत्न केला. टोमणा असेल तर मला बरं वाटेल. पण मला वाटतं, तो निकालच होता. तिच्या आयुष्यात दोन माणसं तिच्या मागे उभी राहिली आणि दोघांनी तिच्याकडून एकच गोष्ट करून घेतली. त्यानं कासऱ्यानं, मी गोडीगुलाबीनं. तिला बरं करायचं सोडून मी तिला सगळ्यांच्या सोयीची करून दिली. तिच्या कागदावर मी लिहिलं, लक्षणांत चांगली सुधारणा, पुढील भेटीची गरज नाही. खाली माझी सही आहे.

त्यानंतर ती आली नाही. पुढच्या वर्षी परीक्षा देऊन पास झाली, असं ऐकलं. एकदा हिंगोलीच्या बाजारात दिसली, कडेवर मुलगी होती. तिनं नमस्कार केला, बऱ्या आहात ना म्हणाली आणि भाजीच्या गाड्याकडे वळली. मी हाक मारली नाही.

त्यानंतर माझ्या कामात मी काय काय बदललं याची यादी मी भाषणांत सांगते. लोक टिपून घेतात. घरच्यांना कधी आत घ्यावं, कधी घेऊ नये. सोसायला शिकवणं आणि सुटायला मदत करणं, यात फरक काय. फरक मला चांगला समजावून सांगता येतो. ज्या एका घरासाठी तो करून दाखवायचा होता, त्या घरच्या बाईला मी 'बघू' म्हणून परत पाठवलं होतं, हे मी भाषणात सांगत नाही. म्हणून इथं लिहून ठेवते आहे.

परवा, मंगळवारी, दुपारी जेवायला उठत होते तेवढ्यात फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. आवाज ओळखला. मागे बायकांचा गलका चालू होता.

'मॅडम, मी अश्विनी. मामा गेला. सकाळी छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायच्या आतच.'

कुठं आहेस, मी विचारलं.

'त्याच्याच अंगणात हाय. तिरडीवर बांधलाय त्याला. सगळ्या बाया रडून राहिल्या. आई तर भुईवर पडलीय. माजे डोळे कोरडे. मघापासून सगळे माज्याच तोंडाकडं बघून राहिले. आई म्हणते, एवढं केलं त्यानं तुज्यासाठी आन् तुला रडू येऊ नये?' मग अगदी विद्यार्थिनीच्या आवाजात म्हणाली, 'मॅडम, ते मोजायचं शिकवलं होतं बघा तुमी. तसं रडायचं बी काही असतं का? पाच मिनिटांचं असलं तरी चालंल.'

माझ्याकडे होतं तसं. डोळ्यांत पाणी आणायच्या दोन-तीन युक्त्या मला माहीत आहेत, कोणालाही माहीत असतात. एक वाक्य सांगितलं असतं तर तिची ती दुपार निभावली असती, सगळं पुन्हा नीट पार पडलं असतं.

'नसतं तसं काही,' मी म्हणाले. 'रडू येत नसेल तर रडू नकोस.'

'लोक काय म्हणतील, मॅडम?'

'म्हणू दे.'

फोन चालूच होता, मागून कोणीतरी तिला पुढे बोलावत होतं, आणि ती जागची हलल्याचा आवाज आला नाही. हेच दोन शब्द मला सहा वर्षांपूर्वी तिच्या आईला म्हणायचे होते, तिसरी खुर्ची समोर ओढून, तिच्या डोळ्यांत बघून. तेव्हा ते निघाले नाहीत. आता निघाले, तर ज्याला त्या पाठीमागून हटवायचं होतं तो अंगणात तिरडीवर बांधून झाला होता.